स्वधर्म आणि नैपुण्य

मनुष्याला आपल्या अंगच्या गुणांचा जेवढा अभिमान असतो तेवढा कदाचित धनाचाही नसतो. धन गेले तर दैवाला बोल लावून तो मन शांत करू शकतो. परंतु ज्या कामात आपला हात बसला आहे, ज्या कामामुळे चार लोक आपले नाव घेतात, ते काम बाजूस ठेवून न जमणारे दुसरे काम पत्करण्याची वेळ आली म्हणजे भल्याभल्यांचे धैर्य सुटते. अशा प्रसंगी पुष्कळांच्या तोंडून एक उत्तर निघते : "हे काम माझे नव्हे. माझा स्वधर्म निराळा आहे." उत्तर ऐकावयास शास्त्रशुद्ध वाटते, गीतेचा आधार त्याला असावा असाही भास होतो. म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. स्वधर्म म्हणजे जे आपणास उत्तम साधते ते काय? की स्वधर्म आणि नैपुण्य या दोन निराळ्या वस्तू आहेत?

गीतेत स्वधर्माची थोरवी सांगताना भगवंतांनी एकच विचार दोन ठिकाणी, तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायात, जवळजवळ त्याच शब्दांत मांडला आहे. एखादी गोष्ट दोनदा सांगितली जाते तेव्हा ती ऐकणाराच्या गळी सहज उतरणारी नसते, हे उघड आहे. त्या वचनातील मर्माचा शब्द 'विगुण' हा होय. आपला धर्म विगुण असला, म्हणजे तो आचरताना उणीव राहिली, तो दिसावयास शोभिवंत नसला, तरी दुसऱ्याच्या उत्तम प्रकारे पार पाडलेल्या धर्मापेक्षा तो श्रेयस्कर आहे, असा त्याचा आशय आहे. आता जर स्वधर्म म्हणजेच नैपुण्य असते, तर त्याला विगुण हे विशेषण लागलेच नसते. कारण जे उत्तम साधते त्यात उणीव कसली? ज्या अर्थी स्वधर्म विगुण असू शकतो आणि परधर्म सुंदर रीतीने आचरता येतो असे भगवंत गृहीत धरतात, त्या अर्थी स्वधर्माची ओळख नैपुण्यावरून पटत नाही, एवढे निश्चित.

तर मग ती कशावरून पटते? केवळ तर्काने या प्रश्नाचा उलगडा होणे कठीण. तत्त्वाला माणसाच्या आयुष्यात उतरलेले पाहिले म्हणजेच त्याचे खरे स्वरूप दिसते. अशा आयुष्यांसाठी नेहमी पुराणांकडेच वळावे लागते असेही नाही. गीतेचा धर्म मनुष्यमात्राचा आहे, असे आपण म्हणतो. तेव्हा ज्याचा आपल्या शास्त्रांशी काही संबंध आला असल्याचे दिसत नाही अशा दूर देशातील एका तरुणाच्या चरित्रावर तो घासून पाहण्यास हरकत नसावी. हा तरुण म्हणजे अमेरिकेतील डोनाल्ड हॉलेडर. त्याचा जन्म 1934 साली न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहरी झाला, आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, 1967 साली, व्हिएतनामच्या अरण्यात तो मरण पावला. त्याने आयुष्यात दोनदा आपली जागा सोडली. या दोन प्रसंगांतच वरील प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

विद्यालय आणि खेळ

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे 80 किलोमीटरांवर, हडसन नदीच्या काठी, वेस्ट पॉइंट येथे अमेरिकेचे सैनिकी विद्यालय आहे. 1802 साली स्थापन झालेल्या या विद्यालयातून सैन्याचे अधिकारी तयार होतात. तेथील विद्यार्थ्याने खोटे बोलू नये, फसवू नये, चोरी करू नये, असा कडक नियम आहे. त्या काळी तेथे अभ्यासाच्या खालोखाल फुटबॉलला महत्त्व होते.

अमेरिकेतील फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून अगदी वेगळा खेळ आहे. त्यातील चेंडू लांबट असतो आणि तो मुख्यतः हातात घेऊन पळावयाचा किंवा फेकावयाचा असतो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो तो 'क्वार्टरबॅक'. चेंडू सहकाऱ्याला द्यावयाचा, दूर फेकावयाचा की स्वतःच घेऊन पळावयाचे, हे क्षणार्धात त्याला ठरवावे लागते. नाटकातील सूत्रधारासारखे त्याचे स्थान आहे. रांगेच्या टोकाला उभा राहणारा तो 'एंड'. पळत पुढे जाऊन क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणे हे त्याचे मुख्य काम. त्या वर्षांच्या नियमांनुसार खेळाडूंची अदलाबदल मोकळेपणी करता येत नसे; म्हणून चढाई करणाऱ्यालाच बचावही करावा लागे.

वेस्ट पॉइंटच्या संघाचे प्रशिक्षक कर्नल अर्ल ब्लेक हे होते. 1941 ते 1958 अशी अठरा वर्षे त्यांनी हे काम केले. 1951 साली त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. परीक्षेतील प्रश्न एकमेकांस सांगितल्यावरून 90 विद्यार्थ्यांना विद्यालय सोडावे लागले. त्यांत फुटबॉल खेळणाऱ्यांची संख्या मोठी होती, आणि ब्लेक यांचा स्वतःचा मुलगा, संघाचा क्वार्टरबॅक, हाही त्यांत होता. पद सोडून द्यावे असे त्यांच्या मनात आले; परंतु जनरल मॅकआर्थर यांनी त्यांना राहण्याचा सल्ला दिला, आणि अपकीर्तीच्या छायेत त्यांनी संघ पुन्हा शून्यातून उभारावयास घेतला. पुढे जी गोष्ट घडली तिच्या दृष्टीने हे लक्षात ठेवणे अवश्य आहे. दुसऱ्याकडे त्याग मागणाऱ्याने स्वतः काय सोसले आहे, यावर त्या मागणीचे वजन अवलंबून असते.

पहिल्यांदा सोडलेली जागा

1954 च्या हंगामात हॉलेडर संघाचा एंड होता. उंच, बळकट, आणि चेंडू झेलण्यात असा तरबेज की, देशभरातील महाविद्यालयीन खेळाडूंतून निवडल्या जाणाऱ्या 'ऑल अमेरिकन' म्हणजे सर्वश्रेष्ठांच्या यादीत त्याचे नाव आले. विद्यालयातील त्याचे आणखी एक वर्ष शिल्लक होते. त्याच जागेवर खेळून तोच मान दुसऱ्यांदा मिळवावा, एवढेच त्याला करावयाचे होते.

परंतु ज्याने फेकलेले चेंडू हॉलेडर झेलीत असे तो क्वार्टरबॅक शिक्षण पुरे करून निघून गेला होता. त्याची जागा घेण्याजोगा अनुभवी खेळाडू ब्लेक यांच्या दृष्टीस पडेना. तेव्हा त्यांनी हॉलेडरला क्वार्टरबॅक होण्यास सांगितले. महाविद्यालयात तो ही जागा कधी खेळला नव्हता. चेंडू झेलणे आणि चेंडू फेकणे या एकाच विद्येच्या दोन बाजू वाटतात खऱ्या. पण मृदंग ऐकून माना डोलावणारा मृदंग वाजवू शकेलच असे नाही. ब्लेक यांना हे कळत नव्हते असे नव्हे. त्यांना हवी होती ती फेक नव्हे. दहा माणसे ज्याच्याकडे पाहून हिंमत धरतील असा माणूस त्यांना मधोमध उभा करावयाचा होता.

हॉलेडरने ते मान्य केले. या मान्यतेची किंमत नीट मोजली पाहिजे. सर्वश्रेष्ठांच्या यादीतील आपले नाव त्याने आपल्या हाताने पुसले. परिपूर्णतेला पोहोचलेला मनुष्य पुन्हा शिकाऊ झाला, तेही हजारो प्रेक्षकांसमोर. चुकांना आडपडदा नव्हता.

आणि चुका झाल्या. 1955 च्या हंगामात संघ मिशिगनकडून 26 विरुद्ध 2 असा, नंतर सिराक्यूजकडून 13 विरुद्ध 0 असा आणि पुढे येलकडून 14 विरुद्ध 12 असा हरला. टीकाकारांना ऊत आला. उत्तम एंड गमावला आणि सामान्य क्वार्टरबॅक मिळवला, असे हिशेब मांडले जाऊ लागले. व्यवहाराच्या दृष्टीने ते हिशेब खोटेही नव्हते. ब्लेक यांनी निर्णय बदलला नाही, आणि त्याचा दोष तरुणाच्या खांद्यावर जाऊ दिला नाही. हॉलेडरनेही आपली जुनी जागा परत मागितली नाही.

हंगामाचा शेवटचा सामना नौदलाच्या विद्यालयाशी, 26 नोव्हेंबर 1955 रोजी फिलाडेल्फिया येथे होता. या दोन विद्यालयांची चुरस एवढी की, त्या सामन्यास सुमारे एक लक्ष माणसे जमत. नौदलाचा क्वार्टरबॅक जॉर्ज वेल्श हा फेकीत त्या वर्षी देशात अग्रेसर गणला गेला होता. जाणकारांचा कौल नौदलाकडे होता. आदल्या दिवशी ब्लेक यांनी आपल्या मुलांना मनातील एक सल बोलून दाखवला. हरलेल्या प्रशिक्षकाने मैदान ओलांडून जाऊन विजेत्याचे अभिनंदन करावयाचे असते. त्या हंगामात तीन वेळा ती वाट त्यांना चालावी लागली होती, आणि चौथ्यांदा ती चालण्याची त्यांची इच्छा नव्हती. त्यावर हॉलेडरने शांतपणे आश्वासन दिले की, उद्या कर्नलसाहेबांना ती वाट चालावी लागणार नाही. प्रथम नौदलाने सहा गुण मिळवले. त्यानंतर हॉलेडरच्या संघाने, सुंदर फेकी नव्हे तर जमिनीवरची चिवट रेटारेट करून, 14 विरुद्ध 6 असा सामना जिंकला.

येथे वाचकाचे मन सुखावते. चांगल्या कर्माला चांगले फळ मिळाले, गोष्ट पुरी झाली, असे वाटते. परंतु नेमक्या याच ठिकाणी सावध झाले पाहिजे. तो सामना हरला असता तर हॉलेडरचा निर्णय चुकीचा ठरला असता काय? 'होय' म्हटले तर स्वधर्माची कसोटी फळावर गेली, आणि गीतेने ज्या गाठीतून मनुष्याला सोडवले तिच्यातच तो पुन्हा अडकला. त्या वर्षी संघाचे नऊ सामने झाले. सहा जिंकले, तीन हरले. हरलेल्या तीन सामन्यांतील हॉलेडर आणि जिंकलेल्या शेवटच्या सामन्यातील हॉलेडर यांच्या कर्तव्याच्या शुद्धतेत तिळमात्र फरक नाही. फरक असलाच तर लोकांच्या बोलण्यात आहे.

विगुणतेचा अर्थ

आता 'विगुण' या शब्दाकडे पुन्हा वळावे. त्या वर्षी हॉलेडरची एंडची जागा सगुण होती. क्वार्टरबॅकची जागा विगुण होती. बाहेरून पाहणारा म्हणेल की त्याने स्वधर्म सोडून परधर्म पत्करला. वस्तुतः उलट घडले. एंड हे त्याचे नैपुण्य होते, आणि संघाची गरज बदलताच त्या नैपुण्याला चिकटून राहणे हाच त्याच्यापुरता परधर्म झाला असता. कारण त्याच्या मुळाशी संघाचे हित राहिले नसते, स्वतःच्या नावाची ओढ राहिली असती. मनुष्य ज्या नात्यांत उभा आहे आणि ज्या काळी उभा आहे, त्या नात्यांतून त्या काळी जे कर्म त्याच्यापुढे न मागता येऊन ठाकते, तो त्याचा स्वधर्म. ते कर्म त्याला साधते की नाही हा नंतरचा प्रश्न.

अर्जुनाचेच पाहावे. धनुर्विद्येत त्याची बरोबरी करणारे थोडे. तरीही अज्ञातवासाच्या वर्षी विराटाच्या घरी त्याला बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवावे लागले, आणि गदाधारी भीमाने त्याच घरी स्वयंपाकघर सांभाळले. ते वर्ष गांडीवाचे नव्हते. आणखी वर पाहिले तर खुद्द भगवंतांनी कुरुक्षेत्रावर शस्त्र हाती न घेता घोड्यांचे लगाम धरले. शस्त्र चालवण्यात ते उणे होते म्हणून नव्हे. त्या दिवशी सारथ्याची उणीव होती म्हणून. ज्या मुखाने गीता सांगितली त्या मुखाचा धनी त्या वेळी सारथ्याच्या जागी बसला होता, ही गोष्ट गीतेच्या अर्थाबाहेरची नाही.

दुसऱ्यांदा सोडलेली जागा

1956 साली वेस्ट पॉइंटचे शिक्षण पुरे करून हॉलेडर पायदळात अधिकारी झाले. न्यूयॉर्क जायंट्स या धंदेवाईक संघाने त्यांना निवडले होते, पण ते तेथे खेळले नाहीत. विद्यालयातील शिक्षणाच्या मोबदल्यात काही वर्षे सैन्यात काढणे त्यांना बंधनकारक होते, हे खरे. परंतु ती मुदत संपल्यावरही ते सैन्यातच राहिले. मध्यंतरी वेस्ट पॉइंटला त्यांनी फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक म्हणून काम केले. त्यांचे लग्न झाले, चार मुली झाल्या. 1967 साली मेजर हॉलेडर व्हिएतनामला गेले आणि पहिल्या पायदळ डिव्हिजनमधील एका ब्रिगेडचे कार्यवाही अधिकारी झाले. लढाईच्या योजना आखणे, तुकड्यांच्या हालचाली जुळवणे, हे त्यांचे काम होते. बहुधा ते हेलिकॉप्टरमधून किंवा तळावरून करावयाचे असे.

17 ऑक्टोबर 1967 रोजी सायगावच्या उत्तरेकडील अरण्यात, ओंग थान्ह नावाच्या ओढ्याजवळ, 'ब्लॅक लायन्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बटालियनच्या दोन तुकड्या पुढे सरकत होत्या. माणसे दीडशेच्या आसपास. त्यांच्याहून कितीतरी पटींनी मोठे असे प्रतिपक्षाचे सैन्य दाट झाडीत दबा धरून होते. काही तासांत 64 अमेरिकन सैनिक मरण पावले. त्यांत बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल टेरी अ‍ॅलन हेही होते. जखमी माणसे झाडीत विखुरली होती, आणि त्यांना हुकूम देणारे बहुतेक अधिकारी मृत वा घायाळ झाले होते.

मेजर हॉलेडर यांनी वरून हे पाहिले. त्यांनी आग्रहाने खाली उतरण्याची परवानगी मिळवली, मोकळ्या जागेवर भेटलेल्या थोड्या सैनिकांना बरोबर घेतले आणि जखमींच्या दिशेने ते धावत सुटले. ते सर्वांच्या पुढे होते. दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांना लागल्या, आणि एका तरुण वैद्यक सैनिकाच्या हातांत त्यांनी प्राण सोडला. ज्यांच्यासाठी ते धावले होते त्यांच्यापर्यंत ते पोहोचू शकले नाहीत.

तीन आक्षेप

या मृत्यूविषयी तीन आक्षेप संभवतात, आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की, त्यांनी नेमून दिलेली जागा सोडली. योजना आखणाऱ्याने योजना आखावी. प्रत्येक जण मनास येईल तिकडे धावू लागला तर सैन्य कसे चालेल? हा आक्षेप एरवी योग्यच आहे. आपले काम टाकून दुसऱ्याच्या कामात उडी घेणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्या उत्साहाच्या मुळाशी बहुधा स्वतःच्या कामाचा कंटाळा असतो. परंतु येथे परिस्थिती निराळी होती. ज्यांच्या हालचाली जुळवावयाच्या त्या तुकड्याच विखुरल्या होत्या. ज्यांचे ते काम होते ते अधिकारी पडले होते. शिवाय ते वरिष्ठांना डावलून उतरले नाहीत, विचारून उतरले. कर्तव्याचे लेखी वर्णन एक असते आणि ज्या हेतूने ते लिहिले गेले तो हेतू दुसरा असतो. अक्षर आणि हेतू यांची फारकत होते त्या दुर्मिळ क्षणी हेतूच्या बाजूस उभे राहणे, हेही स्वधर्माचेच पालन होय. मात्र असे क्षण दुर्मिळ असतात, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप युद्धाविषयी आहे. व्हिएतनामचे युद्ध न्याय्य नव्हते असे अमेरिकेतच लक्षावधी लोकांना वाटत होते. ओंग थान्हच्या दुसऱ्याच दिवशी, 18 ऑक्टोबर 1967 रोजी, विस्कॉन्सिन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी नापाम बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध निदर्शने केली आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. 1975 साली ते युद्ध संपले तेव्हा त्यात मेलेल्या व्हिएतनामी माणसांची संख्या अमेरिकनांच्या कितीतरी पट होती, आणि त्या प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी वाट पाहत होते. मग अशा युद्धातील वीराची स्तुती कशी करावी? येथे दोन खाती वेगळी ठेवली पाहिजेत. एका माणसाच्या शुद्ध कृतीने युद्ध शुद्ध होत नाही. शूर मेले म्हणून कारण न्याय्य ठरले, असे मानणे हा मोठाच भ्रम आहे. त्याचप्रमाणे युद्ध सदोष म्हणून जखमीसाठी धावणे सदोष होत नाही. अठराव्या अध्यायात कर्ममात्राला काही ना काही दोष वेढून असतोच असे सांगितले आहे ते याच संदर्भात ध्यानी घ्यावे. मेजर हॉलेडर यांची शेवटची धाव मारण्यासाठी नव्हती, वाचवण्यासाठी होती. लाठ्या खाणारा विद्यार्थी आणि गोळ्या खाणारा मेजर यांची मते कदाचित कधी जुळली नसती; परंतु सुरक्षित जागा सोडून बाहेर पडण्यात दोघेही एकाच मातीचे ठरतात.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो गृहस्थाश्रमाचा आहे. या माणसाच्या मागे पत्नी आणि चार लहान मुली होत्या. फळाची आशा सोडणारा मोकळा होतो. पण फळ नाहीसे होत नसते, ते घरच्यांच्या पदरी पडते. अनासक्तीचा भार नेहमी अनासक्त मनुष्यच वाहतो असे नाही. या आक्षेपाला पुरते उत्तर नाही, आणि आहे असा आव आणणे हा त्या घरावर अन्याय होईल. एवढेच म्हणता येते की, सैनिकाचे जीवन पत्करतानाच त्या घराने या संभवाची छाया आपल्यावर ओढून घेतली होती. आणि झाडीत पडलेली माणसेही कोणाची तरी मुले, कोणाचे तरी बाप होती. एका कुटुंबावरील प्रेम दुसऱ्या कुटुंबाच्या हाका ऐकू न येण्याइतके बधिर नसावे. तथापि असा त्याग स्वतःच्या मनाशी ठरवावयाचा असतो. तो दुसऱ्याला करावयास सांगण्याचा अधिकार कोणास नाही.

गृहस्थाने काय घ्यावे

या दोन प्रसंगांत एक भेद आहे. पहिल्या वेळी हॉलेडरने वडीलधाऱ्यांच्या शब्दाखातर जागा सोडली, आणि शेवटी त्याला जयजयकार मिळाला. दुसऱ्या वेळी तशी मागणी कोणीही केली नव्हती, आणि हाती काहीच आले नाही. जखमींपर्यंत पोहोचण्याचे समाधानही नाही. फळाच्या दृष्टीने हे दोन प्रसंग दोन टोकांना आहेत. कर्माच्या दृष्टीने ते एकच आहेत. इतरांना माझी कोठे गरज आहे, एवढा एकच प्रश्न दोन्ही वेळा विचारला गेला. मी कोठे शोभून दिसेन हा प्रश्न विचारला गेला नाही.

गृहस्थाच्या आयुष्यात रणांगण नसते, पण असे प्रसंग घरोघर येतात. वडील अकस्मात गेल्यावर गणितात हुशार असलेल्या मुलाला दुकानाच्या गल्ल्यावर बसावे लागते. उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकाला, दुसरे कोणी नाही म्हणून, शाळेच्या कारभाराची कटकट गळ्यात घ्यावी लागते. जन्मभर बाहेरची कामे केलेल्या म्हाताऱ्या नवऱ्याला आजारी पत्नीसाठी चूल पेटवावी लागते; पहिले कित्येक दिवस भाकरी करपते. ती करपलेली भाकरी म्हणजे विगुण स्वधर्म. तिला नावे ठेवणाऱ्याला गीता कळलेली नाही.

मात्र या तत्त्वाचा दुरुपयोगही होतो, आणि तो बहुधा घरातील वडीलधारेच करतात. 'तुझा स्वधर्मच आहे' असे म्हणून दुसऱ्याच्या आयुष्यातून हवे ते कापून घेणे सोपे असते. म्हणून त्याग मागणाऱ्यासाठीही एक कसोटी आहे, आणि ती कर्नल ब्लेक यांच्या वागण्यात सापडते. त्यांनी मागितले ते संघासाठी. आणि मागितल्यावर जी अपकीर्ती आली तिचा भार त्यांनी स्वतः उचलला. जो मागतो पण अपयशाचा वाटा घेत नाही, त्याला मागण्याचा अधिकार नाही. तसेच एखाद्या घरात प्रत्येक वेळी एकाच माणसावर, आणि बहुतेक वेळा एखाद्या लेकीसुनेवरच, आपले गुण गुंडाळून ठेवण्याची पाळी येत असेल, तर त्या घरात स्वधर्म नांदत नाही. तेथे बाकीच्यांचा आळस नांदतो. गरज संपल्यावर ज्याचे नैपुण्य त्याला परत देणे, हेही घराचे कर्तव्य आहे.

मेजर हॉलेडर यांना मरणोत्तर सन्मान पुष्कळ मिळाले. वेस्ट पॉइंटच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. 1985 साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान्य खेळाडूंत त्यांची गणना झाली. आणि मृत्यूनंतर तब्बल पंचेचाळीस वर्षांनी, 2012 साली, त्यांच्या शौर्यपदकाचा दर्जा वाढवून 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' हे उच्च पदक त्यांना देण्यात आले. परंतु या सर्वांहून अर्थपूर्ण वाटतो तो 'ब्लॅक लायन' हा पुरस्कार. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेला हा पुरस्कार ठिकठिकाणच्या शाळांतील आणि महाविद्यालयांतील फुटबॉल संघांत हॉलेडर यांच्या स्मरणार्थ दिला जातो. तो संघातील सर्वांत कुशल खेळाडूला मिळावा असा नेम नाही. धैर्य, कर्तव्यनिष्ठा आणि स्वतःपेक्षा संघाचा विचार ज्याच्या अंगी अधिक, त्या मुलाला तो द्यावयाचा असतो. कधी कधी तो मिळवणारा मुलगा संघातील साधाच खेळाडू असतो.

नैपुण्य ही ईश्वराची देणगी आहे आणि तिचा आदर केलाच पाहिजे. परंतु देणगी ही धन्यापेक्षा मोठी होऊ लागली म्हणजे तिचे ओझे होते. जे उत्तम साधते ते आनंदाने करावे. आणि ज्या दिवशी दुसऱ्या जागेवरून हाक येईल त्या दिवशी, हात कापत असले तरी, त्या जागेवर जाऊन उभे राहावे. तेथे काम वेडेवाकडे होईल, लोक हसतील, कदाचित फळही मिळणार नाही. तरी श्रेय तेथेच आहे.